आराखडा आणि आरंभ
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



'संस्थेचे भावी कार्य' या विषयावर बोलण्याची आज्ञा चालकांनी आम्हांस केली आहे. भावी कार्याची यादी देणे कठीण नाही. वसतिगृह, शिष्यवृत्ती, वधूवर सूचक मंडळ, वृद्धांची शुश्रूषा ही नावे कोणत्याही ज्ञातीच्या स्मरणिकेत आढळतील. म्हणून यादी न देता, कागदावरची योजना जमिनीवर कशी उतरते, एवढ्याच प्रश्नाचा विचार आम्ही आपणांपुढे मांडणार आहो.

सार्वजनिक संस्थांचा एक नेहमीचा क्रम आहे. कल्पना निघते, समिती नेमली जाते, समितीची उपसमिती होते, नकाशे येतात, अंदाजपत्रक तयार होते. अंदाजपत्रकाइतका निधी जमेपर्यंत बांधकामाचे दर वाढतात आणि पुन्हा नवे अंदाजपत्रक करावे लागते. या अवधीत कोणी आळशी नसतो. सभा होतात, इतिवृत्ते लिहिली जातात. किंबहुना, योजना आखल्यानेच काम झाल्याचे समाधान मिळते, आणि तेच समाधान प्रत्यक्ष कामाच्या आड येते.

जाड आराखडा म्हणजे खोल विचार, असेही समजू नये. शंभर पानांच्या आराखड्यातही एखादे गृहीत न तपासलेले राहते. विद्यार्थ्यांना जागा कोठे हवी? त्यांना किती खर्च झेपेल? मुलींचे पालक त्यांना तेथे ठेवतील काय? ही उत्तरे बैठकीत मिळत नाहीत. ती विद्यार्थ्यांना व पालकांना विचारून आणि थोडे करून पाहूनच मिळतात. चिकित्सा आणि कृती या परस्परविरोधी गोष्टी नव्हेत. छोटी कृती हीच पुष्कळदा सर्वांत प्रामाणिक चिकित्सा होय.

याची साक्ष इतिहासात आहे. सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ साली झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९०६ मध्ये, श्रीपाद सुब्बराव तालमकी यांनी मुंबईत आपले गुरू शामराव विठ्ठल यांच्या नावाने सारस्वत ज्ञातिबांधवांसाठी पतपेढी काढली. त्या वेळचा कायदा केवळ पतसंस्थांनाच वाव देत होता. घरबांधणीसारख्या सहकाराला अवकाश मिळाला तो १९१२ च्या कायद्याने. घरांचा प्रश्न मुंबईत तेव्हाही होताच. परंतु सर्व प्रश्न एकदम सोडविणारा कायदा येईल, मग आरंभ करू, असे त्यांनी म्हटले नाही. जे करता येत होते ते १९०६ मध्ये केले. नवा कायदा झाल्यावर, १९१५ साली, गावदेवी येथे सारस्वतांची सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली.

धोंडो केशव कर्वे यांचे उदाहरण तर महाराष्ट्राच्या परिचयाचे आहे. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली. आश्रम प्रथम पुण्यात होता. प्लेगने तेथे राहणे अशक्य केले, तेव्हा १९०० साली तो हिंगण्याच्या माळावर गेला. तेथे आरंभी वास्तू होती ती एका झोपडीची. पुढे जपानमधील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांनी वाचली आणि १९१६ साली महिलांचे विद्यापीठ सुरू केले. सर विठ्ठलदास ठाकरसी यांची पंधरा लक्षांची देणगी आली ती १९२० साली. विद्यापीठ आधी, देणगी चार वर्षांनी, हा क्रम आपण ध्यानात ठेवावा. यात उतावीळपणा नव्हता. शिक्षण मातृभाषेतून द्यावे, हा निर्णय त्यांनी आरंभीच विचारपूर्वक घेतला होता. मूळ हेतू पक्का होता. इमारत आणि पैसा यांची वाट मात्र पाहिली नाही.

येथे कोणी विचारील की, मग आराखडा नकोच काय? आमचे म्हणणे तसे नाही. जी गोष्ट एकदा केल्यावर फिरविता येत नाही, तिच्यासाठी सावकाश विचार करावा. जमीन विकत घेणे, कर्ज काढणे, पायाचे काम धरणे, या बाबतींत घाई अपराध ठरेल. विश्वस्त निधी हा लोकांचा पैसा आहे. त्याचा हिशेब कायद्याप्रमाणे ठेवावा व तपासून घ्यावाच लागतो. परंतु जी गोष्ट फिरविता येते, तिला तोच नियम लावणे हे शहाणपण नव्हे. भाड्याची खोली सहा महिन्यांनी सोडता येते, खाणावळ बदलता येते. अशा ठिकाणी दीर्घ चर्चेपेक्षा अल्प अनुभव अधिक शिकवितो.

आता प्रस्तुत विषयाकडे येतो. संस्थेपुढे वसतिगृहाची योजना आहे आणि ती स्तुत्य आहे. तथापि, प्रवेशाच्या फेरीत नाव लागले की विद्यार्थ्याला थोड्या दिवसांत शहरात राहण्याची सोय करावी लागते. जागा न मिळाल्यास मुलगा कसाबसा नातेवाइकाच्या घरी अंग टेकतो. मुलीला मात्र पुष्कळदा "जवळच्याच महाविद्यालयात जा" असे सांगितले जाते. विद्यार्थ्याचे वय इमारतीसाठी थांबत नाही. जी मुलगी या वर्षी परत जाईल, तिला पाच वर्षांनी उभ्या राहणाऱ्या वास्तूचा काय उपयोग?

म्हणून आमची सूचना अशी. इमारत समितीने आपले काम चालू ठेवावे. परंतु येत्या शैक्षणिक वर्षापासून संस्थेने दोन खोल्या भाड्याने घ्याव्यात, आणि त्यांपैकी पहिली मुलींसाठी असावी. ज्ञातीतील एखाद्या निवृत्त शिक्षिकेने देखरेख पत्करावी. वर्षाच्या खर्चाची मर्यादा आजच ठरवावी. सहा महिन्यांनी विद्यार्थ्यांना बोलावून त्यांचे ऐकावे, आणि कोणत्या कारणाने हा उपक्रम थांबवावा लागेल तेही आधीच लिहून ठेवावे. असे केल्यास इमारतीचा नकाशाही अनुभवातून सुधारेल.

आणखी एक गोष्ट विनयाने सांगतो. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले, तेव्हा तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत व जेवत. त्या मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. आपल्या खोल्यांत एखादी जागा रिकामी राहिली, तर ती ज्ञातीबाहेरच्या गरजू मुलीला द्यावी. त्यासाठी घटनादुरुस्तीची प्रतीक्षा करण्याचे कारण नाही. कार्यकारिणीचा एक ठराव पुरेसा आहे.

श्रोतेहो, मोठे स्वप्न पाहण्यास आमचा विरोध नाही. आमचे मागणे इतकेच की, त्या स्वप्नाचा जो भाग आज करण्याजोगा आहे, तो आजच वेगळा काढावा. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत इमारतीचे चित्र नसले तरी चालेल. त्या दोन खोल्यांचा जमाखर्च आणि तेथे राहिलेल्या विद्यार्थ्यांचे अभिप्राय मात्र छापलेले असावेत.