फोटो टाकला, म्हणजे देऊन टाकला नाही

कुर्ला स्टेशनच्या पश्चिमेला शेअर रिक्षा धरली, की थोड्या वेळात बांद्रा-कुर्ला संकुल येतं. तिथल्या सायबर पोलीस ठाण्यात जानेवारी २०२२ मध्ये एक गुन्हा नोंदवला गेला. वर्षाच्या पहिल्याच दिवशी गिटहब या प्रोग्रामरांच्या संकेतस्थळावर ‘बुल्ली बाई’ नावाचं ॲप दिसलं होतं. शंभराहून अधिक मुस्लिम स्त्रियांचे फोटो, आणि भाषा लिलावाची. कुणी पत्रकार, कुणी कार्यकर्ती. बहुतेक जणी जाहीरपणे लिहिणाऱ्या-बोलणाऱ्या. विक्री कसलीच नव्हती. त्यांची बेअब्रू करून त्यांना गप्प बसवायचं, एवढाच डाव होता.

हाच प्रकार जुलै २०२१ मध्ये ‘सुल्ली डील्स’ या नावाने झाला होता आणि तेव्हा कित्येक महिने कुणालाच अटक झाली नाही. या वेळी मुंबई पोलिसांनी काही दिवसांतच बंगळुरू आणि उत्तराखंड गाठलं. पकडलेली मुलं कॉलेजच्या वयाची निघाली. ट्विटरवर त्यांनी शीख वाटतील अशी खोटी नावं घेतली होती. ज्या स्त्रिया स्वतःच्या नावाने, स्वतःच्या चेहऱ्याने वावरत होत्या, त्यांची बोली लावणारे मात्र भलत्याच समाजाच्या नावाआड दडले होते.

फोटोंसाठी कुणाचं खातं फोडावं लागलं नाही. ते उघडेच होते. त्यामुळे घरोघरी लगेच प्रश्न आला: “मग टाकलाच कशाला फोटो?”

हा प्रश्न अन्यायाचा आहे. लोकलच्या डब्यात बसलेल्या बाईचा चेहरा सगळ्यांना दिसतो, पण तो टिपून फलाटावर चिकटवायचा हक्क कुणाला मिळत नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणाला मूलभूत हक्क मानलं. सार्वजनिक जागी आल्यामुळे माणसाचं खासगीपण संपत नाही, असं न्या. धनंजय चंद्रचूड यांनी त्या निकालात स्पष्ट लिहिलं.

नंतर आलेला कायदा मात्र इथेच मागे सरकला. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं कलम ३ सांगतं, की व्यक्तीने स्वतः जाहीर केलेल्या माहितीला हा कायदा लागू नाही. उदाहरणही सोशल मीडियावर मतं मांडणाऱ्या एका स्त्रीचंच दिलं आहे! बुल्ली बाई प्रकरणात पाठलाग, विनयभंग आणि धार्मिक तेढीची फौजदारी कलमं हाताशी होती, म्हणून पोलिसांना पुढे जाता आलं. पण फोटो गोळा करून वेगळ्याच कामाला लावणं हाच मुळात गैरवापर आहे, आणि हा कायदा तिकडे पाहतच नाही. ते कलम बदललंच पाहिजे.

तोवर घरच्यांच्या हाती बरंच आहे. मुलगी घाबरून फोन पुढे करते, तेव्हा जाब विचारू नये आणि रागाने काही डिलीटही करू नये. तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यावा, पानाची आणि खात्याची लिंक उतरवून ठेवावी. असली पानं तासाभरातही गायब होतात. मग तिच्यासोबत कुणीतरी पोलीस ठाण्यात जावं.