गाडी तापल्यावर रुसते तेव्हा

सकाळी पहिल्या फटक्याला सुरू होणारी गाडी घाट चढून आल्यावर चहापुरती बंद केली, की पुन्हा सुरू व्हायचं नाव घेत नाही. ज्यांनी कार्ब्युरेटरच्या गाड्या वापरल्या, त्यांना हे दुखणं चांगलं ठाऊक आहे. माझी जुनी प्रीमियर पद्मिनी मे १९९९मध्ये खंबाटकीच्या माथ्यावर अशीच रुसून बसली. मागच्या सीटवर अम्मा होती. पुण्याहून मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आणलेली. डोळ्याला पट्टी आणि वर भर दुपारचं ऊन.

चहावाल्यापासून ट्रक ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांचं निदान एकच, ''पंप तापलाय, ओलं फडकं टाका.'' सल्ला खुळा नव्हता. पद्मिनीचा पेट्रोलपंप इंजिनालाच बसवलेला असतो. गाडी चालू असताना पंखा आणि समोरचा वारा उष्णता ओढून नेतात. इंजिन बंद केलं की वारा थांबतो. तापलेलं लोखंड मात्र बॉनेटखाली उष्णता सोडतच राहतं. त्यामुळे थांबल्यावर तिथलं तापमान उतरण्याऐवजी काही मिनिटं उलट चढतं. पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला ती नीट ओढता येत नाही. अम्मानं पिशवीतला टॉवेल दिला. तो भिजवून पंपावर ठेवला. अर्ध्या तासानं गाडी सुरू झाली आणि टॉवेलचं कौतुक झालं.

पुढे एका गॅरेजमध्ये पंप बदलला, कार्ब्युरेटर खोलून साफ केला. पगारातला मोठा लचका गेला. गाडी दाखवायला न्यावी तर तोवर ती थंड झालेली असे आणि मिस्त्रीसमोर शहाण्या मुलासारखी सुरू होई. अम्मा म्हणाली, ''बेटा, मी आपली एसटीनं जाईन.''

जानेवारीत, अंगावर स्वेटर असताना, गाडी पुन्हा तशीच बसली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शंका आली. या थंडीत पेट्रोलची वाफ कशी होणार?

एका म्हाताऱ्या उस्तादांना हे सांगितलं. ते म्हणाले, ''थंड गाडी आणू नका. पळवून, तापवून आणा.'' तशी नेली. बंद करून पंधरा मिनिटं बसलो. मग स्टार्टर मारला. इंजिन जोरात फिरत होतं, म्हणजे बॅटरी आणि स्टार्टर ठीक. पेट्रोलचा उग्र वास नव्हता, म्हणजे इंजिन ओव्हरफ्लो झालेलं नव्हतं. (तसं झालं असेल तर चोक न ओढता, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून स्टार्टर मारायचा, तो सारखा दाबत राहिलं तर पेट्रोल आणखी वाढतं.) पंपाची नळी सोडून पाहिली, तर पेट्रोल व्यवस्थित येत होतं. ते पुसून, नळी परत बसवून मग त्यांनी ठिणगी पाहिली. निळी, कडक हवी ती पिवळट आणि मरगळलेली होती. उस्तादांनी इग्निशन बंद करून ओलं फडकं ठेवलं, पण पंपावर नाही, कॉइलवर. थोड्या वेळानं गाडी सुरू.

कॉइलच्या आतलं इन्सुलेशन कमजोर झालं होतं. थंड असताना ती निभावून नेई, तापली की दम सोडी. घाटात गुण टॉवेलचा नव्हता, अर्ध्या तासाचा होता. कॉइल पंपापेक्षा स्वस्तात आली, हे सांगायला अजूनही जरा लाज वाटते.

आजच्या गाड्यांत पंप पेट्रोलच्या टाकीत असतो आणि पेट्रोल दाबाखाली येतं, म्हणून वाफेचा त्रास क्वचितच. पण तापलेली गाडी सुरू न होण्याचं दुखणं संपलेलं नाही. क्रँकचा सेन्सर तापून गप्प होतो, गळका इंजेक्टर बंद इंजिनात पेट्रोल टपकवत राहतो, किंवा तापमानाचा सेन्सर गरम इंजिनाला थंड समजतो आणि जास्त पेट्रोल सोडायला लावतो. तिथेही सुटे भाग बदलत सुटण्याआधी, गाडी अडते त्याच घडीला ती तपासणाऱ्याच्या हाती द्यावी.

फेब्रुवारीत अम्माच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. बरीच मनधरणी केल्यावर ती गाडीत बसली. परतताना खंबाटकीच्या त्याच टपरीसमोर गाडी उभी केली, तर मागून आवाज आला, ''चहा मी इथेच पिते. तू इंजिन बंद करू नकोस.''