फाशीची शिक्षा : बौद्धांनी काय मागावे?

(झरी जामणी येथे वर्षावासानिमित्त दिलेले भाषण)



तथागत भगवान बुद्ध आणि परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना त्रिवार वंदन करून मी विषयाकडे वळतो. 'फाशीची शिक्षा योग्य की अयोग्य?' असा विषय मंडळाने मला दिला आहे. हा विषय फक्त वकिलांचा नाही. आपल्या समाजाच्या काळजाला तो थेट भिडतो, कारण खैरलांजी आपल्याच विदर्भातली आहे.

२९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी गावात भोतमांगे कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे अशा चौघांना गावच्या जमावाने ठार मारले. त्यानंतर विदर्भात मोर्चे निघाले आणि 'खुन्यांना फाशी द्या' ही मागणी घराघरातून उठली. त्या मागणीमागचा संताप खरा होता. ज्यांच्या घरचे कोणी गेले नाही, त्यांनी त्या संतापाला अहिंसेचे धडे देऊ नयेत. मीही आज त्या संतापाचा मान राखूनच बोलणार आहे.

सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवून त्यांपैकी सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली. १४ जुलै २०१० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती शिक्षा बदलून आठही जणांना २५ वर्षांचा सश्रम कारावास दिला. फाशी रद्द झाली म्हणून आपण हळहळलो. पण बंधूंनो, दुसरी एक गोष्ट आधीच हातची गेली होती. भंडाऱ्याच्या न्यायालयाने फाशी सुनावली तेव्हाही १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा या खटल्याला लागू केला नाही. उच्च न्यायालयानेही तेच केले. म्हणजे दोन्ही न्यायालयांनी हे सूडाचे हत्याकांड धरले, जातीचे नाही. सहा दोर मिळाले त्या दिवशीसुद्धा जातीचा गुन्हा जातीचा गुन्हा म्हणून नोंदला गेला नाही. मग आपल्याला न्याय मिळाला होता काय? याचा विचार प्रत्येकाने करावा.

आता धम्म काय सांगतो ते पाहू. काही लोक म्हणतात, बुद्ध अहिंसावादी म्हणून गुन्हेगाराला शिक्षाच नको. हे खरे नाही. बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिंह सेनापतीचा संवाद दिला आहे. जो शिक्षेस पात्र आहे त्याला शिक्षा झालीच पाहिजे, हे तिथे तथागत स्पष्ट करतात. मात्र शिक्षा देणाऱ्याच्या मनात द्वेष नसावा, हेही ते सांगतात.

अंगुलीमालाची कथा आपणा सर्वांना ठाऊक आहे. राजा प्रसेनजित घोडेस्वार घेऊन त्याला पकडायला निघाला होता. शस्त्राने जो आवरला नाही, तो तथागतांनी विनाशस्त्र आवरला, हे पाहून राजा चकित झाला. पण कथेचा पुढचा भाग आपण फारसा सांगत नाही. भिक्खू झाल्यावर अंगुलीमाल भिक्षेला जाई तेव्हा लोकांचा मार खाऊन, रक्तबंबाळ होऊन परत येई, आणि हे तुझ्या कर्माचे फळ आहे, ते सोस, असे तथागत त्याला सांगत. त्याचा गुन्हा कोणी पुसून टाकला नाही. फक्त बदलण्याची वाट त्याला मोकळी ठेवली. फाशीने नेमकी हीच वाट बंद होते.

सम्राट अशोकाने फाशी रद्द केली नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण मृत्युदंड झालेल्यांना त्याने तीन दिवसांची मुदत दिली, असे त्याचा स्तंभलेख सांगतो. त्याच्याही पुढे बाबासाहेब गेले. ३ जून १९४९ रोजी संविधान सभेत फाशीच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाकडे अपील असावे की नाही, यावर चर्चा चालू होती. त्या वेळी बाबासाहेबांनी सांगितले की, त्यापेक्षा फाशीची शिक्षाच रद्द करण्याला मी पाठिंबा देईन. या देशातले लोक अहिंसा आचरणात आणत नसले तरी ती नैतिक आज्ञा म्हणून मानतात, म्हणून देशाने ही शिक्षा काढून टाकावी, असे त्यांचे म्हणणे होते. ज्यांनी जन्मभर जातीचे चटके सोसले, त्या महापुरुषाचे हे मत आहे.

आता व्यवहाराचा प्रश्न. दोर कोणाच्या गळ्यात पडतो? आपल्या शेजारच्या चांद्याला २१ ऑक्टोबर १८५८ रोजी इंग्रजांनी वीर बाबुराव शेडमाके यांना फाशी दिली. आपल्या तालुक्यातील गोंड बांधवांना हे नाव सांगायला नको. कोणी म्हणेल, ते परक्यांचे राज्य होते. तर मग आपल्या राज्यातले ऐका. नाशिक जिल्ह्यात २००३ साली झालेल्या एका भीषण हत्याकांडात भटक्या जमातीतल्या सहा गरीब माणसांना पकडले. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. त्यांतला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हे नंतर सिद्ध झाले. अखेर ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्यास सरकारला सांगितले. साक्षीदाराने सुरुवातीला ओळखलेली माणसे वेगळीच होती. सोळा वर्षे तुरुंगात गेली, पण ते जिवंत होते म्हणून घरी परतले. मधल्या काळात दोर ओढला गेला असता तर पाच लाख कोणाच्या हातावर ठेवले असते?

दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ साली फाशीच्या कैद्यांचा अहवाल काढला. त्यांतले सुमारे तीन चतुर्थांश कैदी आर्थिकदृष्ट्या दुर्बल निघाले. चांगला वकील ज्याला परवडत नाही, त्याच्यापर्यंत दोर लवकर पोहोचतो. अत्याचार प्रतिबंधक कायद्यातच एक कलम आहे. खोट्या साक्षीमुळे अनुसूचित जाती-जमातीचा निरपराध माणूस फासावर गेला, तर खोटी साक्ष देणाऱ्याला मृत्युदंड. आपला निरपराध माणूस फासावर जाऊ शकतो, हे संसदेलाही ठाऊक होते, असाच याचा अर्थ होतो.

फाशीने दहशत बसते, असे म्हणतात. खुनाला फाशी १८६० च्या दंड संहितेत होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. ती खैरलांजीच्या जमावाला थांबवू शकली नाही. आपले कोण काय वाकडे करणार, ही खात्री त्या जमावाला होती. ती खात्री मोडायची असेल तर शिक्षा चुकणार नाही, हे दिसले पाहिजे.

म्हणून उपासक-उपासिकांनो, मागायचे ते हे मागा. घटना घडताच अत्याचार कायद्याची कलमे लागलीच पाहिजेत. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच केला पाहिजे. साक्षीदारांना संरक्षण मिळाले पाहिजे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा होते की नाही, हे आपल्या शिकलेल्या तरुणांनी जाऊन विचारले पाहिजे. हा कायदा बौद्धांइतकाच कोलाम आणि गोंड बांधवांचाही आहे, म्हणून त्यांना सोबत घ्या. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यावर कारवाईचे कलमही त्याच कायद्यात आहे, त्याचा आग्रह धरा. आणि गुन्हेगाराला जन्मभर तुरुंगात ठेवण्याइतकी कठोर शिक्षा मागा, त्याला माझा विरोध नाही.

फाशीची मागणी करणे सोपे असते. एक मोर्चा काढला की ती होते. वर सांगितलेल्या गोष्टींना वर्षानुवर्षे पाठपुरावा लागतो, तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागतात. 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' हा मंत्र त्यासाठीच आहे. बाबासाहेबांनी आपल्या हाती संविधान दिले, दोर दिला नाही. एवढे बोलून मी आपली रजा घेतो.

नमो बुद्धाय! जय भीम! जय भारत!