व्हिसाचा शिक्का आणि कामगाराचा हक्क

(मुनिरका, नवी दिल्ली येथे रेल्वे व टपाल कामगारांच्या बैठकीत केलेले भाषण)



आजचा विषय वाचून काही जणांनी आम्हाला विचारले, की व्हिसा हा साहेब लोकांचा विषय, तो कामगारांच्या बैठकीत कशाला? आम्ही म्हटले, आपण बसलो आहोत ती जागा तरी पाहा. मुनिरक्याच्या शेजारी रामकृष्णपुरम. तिथल्या सेक्टर १ मध्ये परदेशी माणसाची नोंद करणारे सरकारी कार्यालय आहे. त्याच्या जवळच भिकाजी कामा प्लेसला आपल्या लोकांचे पासपोर्ट कार्यालय. बाहेरून कामाला येणारा आणि इथून बाहेर कामाला जाणारा, दोघांची कागदपत्रे याच टापूत तपासली जातात. आणि २०१७ पासून पासपोर्टचे अर्ज टपाल कार्यालयांतल्या केंद्रांतही घेतले जातात, म्हणजे आपल्याच टपाल बंधूंच्या छपराखाली. तेव्हा हा विषय आपल्या दारातलाच आहे.

आधी येणाऱ्याचे पाहू. परदेशी तंत्रज्ञ भारतात नोकरी करणार असेल तर त्याला एम्प्लॉयमेंट व्हिसा लागतो. या व्हिसाच्या अटी प्रत्येक शाखेच्या चिटणीसाने वहीत लिहून ठेवाव्यात अशा आहेत. ज्या कामासाठी आपल्या देशात पुरेशी माणसे आहेत त्या कामासाठी हा व्हिसा नाही. साध्या, नेहमीच्या किंवा कारकुनी कामासाठी नाही. आणि पगार वर्षाला १६.२५ लाख रुपयांच्या वर पाहिजे. परदेशी पद्धतीचा स्वयंपाक करणारे आचारी, दुभाषे अशा थोड्यांनाच त्यातून सूट आहे. पगाराची ही अट वरवर पाहता परदेशी माणसाच्या फायद्याची वाटते. खरे तर तिच्यामुळे आपल्या फिटरची मजुरी वाचते, कारण स्वस्त माणूस आणून आपला भाव पाडण्याची वाट तिने बंद होते.

बिझनेस व्हिसा ही वेगळी गोष्ट. बोलणी करणे, माल पाहणे, सौदा ठरवणे यासाठी तो असतो. तो घेऊन कारखान्यात महिनोन्‌महिने काम करणे बसत नाही. पण कंपन्यांना तो सोपा वाटतो. २००९ साली काय झाले ते आठवा. वीज प्रकल्पांच्या जागेवर हजारो चिनी कामगार बिझनेस व्हिसावर काम करीत होते. त्यांत तज्ज्ञ होते, तशी आपल्या आय.टी.आय.च्या मुलाला सहज जमतील अशी कामे करणारेही होते. शेवटी सरकारने हुकूम काढला, की अशांनी ३१ ऑक्टोबर २००९ पर्यंत देश सोडावा आणि योग्य व्हिसा घेऊन परत यावे. ठेकेदारांनी प्रकल्प रखडतील अशी ओरड केली. पण चुकीचा कागद निवडला होता कोणी? कामगाराने नव्हे. परत जावे लागले मात्र कामगारालाच.

आमचे म्हणणे इथेच आहे. परदेशी कामगार हा आपला वैरी नाही. एम्प्लॉयमेंट व्हिसावरचा माणूस ज्या मालकासाठी आला त्याच्याशीच बांधलेला असतो. त्याला इथे राहून दुसरी नोकरी धरता येत नाही. त्यातून त्याच्याकडे व्हिसाच चुकीचा असेल, तर तो जादा तासांबद्दल, बुडालेल्या पगाराबद्दल तोंड उघडत नाही. तक्रार केली तर पहिला बाहेर तोच जाईल हे त्याला ठाऊक असते. आणि ज्याला बोलता येत नाही असा माणूस शेजारच्या मशीनवर असला, की आपलेही बोलणे हळूहळू बंद होते.

रेल्वेत परदेशी तज्ज्ञ नवे नाहीत. पेरांबूरचा डबे बांधणारा कारखाना १९५५ साली सुरू झाला तो स्विस कंपनीच्या सहकार्याने. काम आपले लोक शिकले आणि पुढे कारखाना त्यांनीच चालवला. मुंबई-अहमदाबाद या ५०८ किलोमीटरच्या वेगवान मार्गाला जपानचे तंत्रज्ञान आहे. लातूरच्या कोच कारखान्याच्या कामात रशियन भागीदार आहेत. त्यांची माणसे येणार, यायलाही हवीत. आपला प्रश्न असा असावा, की त्यांच्या हाताखाली आपली किती माणसे शिकणार आणि किती दिवसांत.

आता एक ताजी गोष्ट. पुरवठ्याच्या कराराप्रमाणे आलेले यंत्र बसवून ते चालू करून देणे हे काम इतकी वर्षे एम्प्लॉयमेंट व्हिसाखाली होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारने उत्पादन-गुंतवणुकीशी निगडित अशी कामे बिझनेस व्हिसाच्या ई-बी-४ या नव्या पोटप्रकारात नेली. यंत्रे महिनोन्‌महिने बंद पडून राहू नयेत हा हेतू आहे आणि त्यात चूक काही नाही. पण यंत्र बसवायला आलेला माणूस पुढे ते रोज चालवू लागला, तर ते नोकरीचे काम झाले. ही रेघ दिल्लीच्या फाइलीत दिसायची नाही, शॉपफ्लोअरवर दिसते. म्हणून तिच्यावर नजर आपणच ठेवायची.

नोंदणीचेही थोडे सांगतो. १८० दिवसांहून जास्त मुदतीचा एम्प्लॉयमेंट व्हिसा असेल तर येऊन १४ दिवसांत नोंदणी करावी लागते. आता ती घरबसल्या संगणकावर होते. १ सप्टेंबर २०२५ पासून या सगळ्यासाठी नवा एकच कायदा आला, १९४६ चा जुना फॉरेनर्स अ‍ॅक्ट गेला. मुनिरका गावात खोल्या भाड्याने देणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे, परदेशी भाडेकरू आला तर २४ तासांत कळवावे लागते. (सरकारी क्वार्टरमधली खोली भाड्याने देणे हा वेगळाच गुन्हा आहे, त्यावर आज बोलत नाही.)

आता जाणाऱ्यांचे. आपली मुले परदेशात गेली की तिथे तीच परदेशी कुशल कामगार. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेनबर्ग राज्याशी १०,००० कुशल तरुण पाठवण्याचा करार केला. त्याच वर्षी जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठीचे व्हिसा वर्षाला २०,००० वरून ९०,००० करण्याचे ठरवले. आकडे ऐकून एजंट घरी येऊ लागतात. पण जर्मनीतही दोन कागद निरनिराळे आहेत. एक, नोकरीचा करार हातात असलेल्या कुशल कामगाराचा. दुसरा, जून २०२४ पासूनचे ‘संधी कार्ड’, जे फक्त काम शोधण्यासाठी आहे; त्यावर आठवड्याला २० तासच अर्धवेळ काम करता येते आणि पोट भरण्याचे पैसे स्वतःजवळ दाखवावे लागतात. दुसरा कागद पहिला म्हणून विकला, तर मुलगा तिकडे काय करील?

आखाताकडे व्हिजिट व्हिसावर नेऊन ‘तिथे बदलून देतो’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. रशियात मदतनिसाची नोकरी म्हणून नेलेली आपली मुले युद्धाच्या आघाडीवर पोचली, आणि मार्च २०२४ मध्ये सी.बी.आय.ने गुन्हा नोंदवला, हे सर्वांनी वाचले आहे.

इथे मॅट्रिकवाल्यांनी विशेष ऐकावे, आम्हीही मॅट्रिकच आहोत. दहावी न झालेल्याला १८ देशांत नोकरीला जाताना उत्प्रवासी संरक्षकाची मंजुरी लागते. त्याचा करार तपासला जातो, १० लाखांचा विमा सक्तीने उतरतो. दहावी झालेल्याला ही मंजुरी लागत नाही. लोक याला मान समजतात. पण मंजुरी नाही म्हणजे त्याचा कागद सरकारात कोणी तपासणारच नाही. तो घरात तपासायचा. एजंट १९८३ च्या कायद्याखाली नोंदलेला आहे का, तो ३०,००० रुपये आणि कर याहून जास्त मागतो का, व्हिसावर लिहिलेले काम आणि करारातले काम एकच आहे का, एवढे पाहिले तरी निम्मा धोका कळतो.

टपाल बंधूंना एक विनंती. ज्या कार्यालयात पासपोर्ट केंद्र आहे तिथे ही तीन प्रश्नांची यादी मराठीत व हिंदीत लिहून, वरिष्ठांच्या परवानगीने फलकावर लावावी. रेल्वे शाखांनी आपापल्या कारखान्यात परदेशी तंत्रज्ञ असतील तर ते काय काम करतात आणि त्यांच्या हाताखाली आपले किती जण शिकत आहेत, एवढेच टिपण करून पाठवावे. कोणाचा पासपोर्ट मागायला जाऊ नये, तो आपला अधिकार नाही. ज्यांच्या मुलांना बाहेर जायची पत्रे आली आहेत त्यांनी करार आणि व्हिसाच्या पानाची झेरॉक्स घेऊन पुढच्या रविवारी याच जागी यावे. पैसे भरण्याच्या आधी यावे, नंतर नको.