कादंबरीकार विमान शिकतो

विमानाची गोष्ट लिहिणाऱ्या लेखकानें स्वतः विमान चालविण्यास शिकावें काय? खुनाची कथा लिहिणारा कांहीं खून करीत नाहीं, आणि राजाचें चरित्र रंगविणारा गादीवर बसलेला नसतो. कल्पनाशक्ति हेंच लेखकाचें भांडवल. मग त्यानें उन्हातान्हांत विमानतळावर जाऊन शिकाऊ उमेदवारासारखे धडे कां गिरवावे? या प्रश्नाचें उत्तर नेव्हिल शूट या इंग्रज कादंबरीकाराच्या आयुष्यांत सांपडतें.

नेव्हिल शूट नॉर्वे हें त्याचें पूर्ण नांव. व्यवसायानें तो इंजिनियर. १९२३ सालीं तो डी हॅव्हिलंड या विमान बांधणाऱ्या कंपनींत नोकरीस लागला आणि त्या दिवसांतच विमान चालविण्यास शिकला. दिवसा आंकडेमोड व रात्रीं लेखन, असा त्याचा क्रम होता. त्याच्या पहिल्या दोन कादंबऱ्या त्याच्या हयातींत छापल्याच गेल्या नाहींत. ‘मॅराझन’ ही वैमानिकाची कथा मात्र १९२६ सालीं प्रसिद्ध झाली. कादंबऱ्या लिहिणारा इंजिनियर लोकांना पोक्त वाटणार नाहीं, या धास्तीनें त्यानें पुस्तकांवर आपलें आडनांव घातलें नाहीं.

विमान शिकल्यानें लेखकाला काय मिळतें? धंद्यांतले शब्द मिळतात. पण ते पुस्तकांतूनहि मिळतात. खरी मिळकत निराळी आहे. नांदेडहून लातूरला जाणारें एखादें लहान विमान डोळ्यांपुढें आणावें. हवाई अंतर सुमारें सव्वाशें किलोमीटर. वाट पाऊण तासाची. घरीं बसून लिहिणारा लेखक गोदावरीचें पात्र आणि काळीं रानें यांचें सुरेख वर्णन करील. पण लातूर बालाघाटाच्या पठारावर, नांदेडपेक्षां सुमारें आठशें फूट उंच आहे, हें त्याच्या ध्यानांत येईल काय? नांदेडच्या धावपट्टीवर शून्यावर जुळविलेलें उंचीमापक लातूरला चाकें जमिनीस टेकलीं तरी आठशें फूट दाखवीत राहील! वैशाखांतल्या दुपारीं हवा तापून विरळ होते; पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर घटतो, आणि उड्डाणाला धावपट्टी अधिक लागते. मृगाचे ढग आडवे आले, तर पुढें जावें कीं मागें फिरावें, हें त्या एकट्या माणसानेंच ठरवावयाचें असतें. रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून विचार करण्याची सोय आकाशांत नाहीं. ही जबाबदारीची जाणीव लेखकाला पुस्तकांतून मिळत नाहीं.

शूटच्या ‘नो हायवे’ या १९४८ सालच्या कादंबरींत हीच जाणीव कथेचा प्राण झाली आहे. फार्नबरो येथील एका संशोधकाचें गणित सांगतें कीं, सततच्या कंपनानें धातु थकतो, आणि ठराविक तास उडाल्यावर एका नव्या जातीच्या विमानाची शेपटी मोडेल. त्याचें कोणाला पटत नाहीं. पुढें प्रवासांत त्याला कळतें कीं, आपण बसलों आहों तें विमान त्याच मर्यादेजवळ आलें आहे. तें जमिनीवर उतरतांच तो त्याचीं चाकें आंत ओढून घेतो. विमान निकामी होतें, पण उडत नाहीं. १९५४ च्या जानेवारींत व एप्रिलांत ‘कॉमेट’ जातीचीं दोन विमानें भूमध्य समुद्रावर हवेंतच फुटलीं आणि ५६ माणसें प्राणांस मुकलीं. तीं डी हॅव्हिलंडनेंच बांधलेलीं होतीं. फार्नबरोच्याच तपासणींत कारण निघालें तें धातूच्या थकव्याचें. मात्र येथें फुटला होता तो प्रवाशांचा कक्ष. शूट भविष्यवेत्ता नव्हता. यंत्र कोठें दगा देतें याचा विचार करण्याची संवय त्याला होती, इतकेंच.

सप्टेंबर १९४८ मध्यें तो एका लहान विमानांतून, एका सोबत्यासह, इंग्लंडहून हिंदुस्थानमार्गें ऑस्ट्रेलियास निघाला. त्याच महिन्याच्या १७ तारखेस नांदेड-लातूरचा प्रदेश निजामी राजवटींतून मुक्त झाला होता. या प्रवासानंतर १९५१ सालीं ‘राउंड द बेंड’ ही कादंबरी आली. विमानाची दुरुस्ती निष्ठेनें करणें हीच उपासना, असें मानणारा कारागीर तिचा नायक आहे. तेरच्या गोरोबाकाकांची कथा लहानपणापासून ऐकलेल्या मराठवाड्यास हा विचार परका वाटूं नये.

आज आपल्या देशांत खासगी वैमानिकाच्या परवान्यास वयाचीं १७ वर्षें आणि किमान ४० तासांचें उड्डाण लागतें. नांदेडला धावपट्टी आहे, लातूरलाहि आहे. मराठवाड्याच्या आकाशाची कादंबरी ज्याला लिहावयाची असेल, त्यानें ते ४० तास खर्ची घालावे. विमान उडवितां येतें म्हणून कोणी कादंबरीकार होत नाहीं. पण आपल्या नायकाला वाऱ्यावर सोडण्यापूर्वीं वारा कसा वाहतो हें त्याला ठाऊक असेल.