डी.एन.ए.मधला 'ध' चा 'मा'
(गणेशोत्सवातील व्याख्यान)

आरती आणि प्रसाद यांच्यामधली पंधरा मिनिटं कार्यकर्त्यांनी मला दिली आहेत, तेव्हा लगेच विषयाला हात घालतो.

१७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला. 'धरावे'चं 'मारावे' केलं, असं सांगतात. एका अक्षराने जीव गेला. आपल्या रक्तातही असा 'ध' चा 'मा' होतो. त्याचं नाव सिकलसेल.

आधी चार शब्द. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, निम्मी आईची, निम्मी वडिलांची. गुणसूत्र म्हणजे डी.एन.ए.चा घट्ट गुंडाळलेला दुपेडी धागा. त्यावरची लिपी चारच अक्षरांची: ए, टी, जी, सी. ए समोर टी, जी समोर सी. एखादं प्रथिन कसं बनवायचं हे सांगणारा त्यातला मजकूर म्हणजे जनुक. तीन अक्षरांचा एक शब्द, एका शब्दाला एक अमिनो आम्ल.

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीचं जनुक ११व्या गुणसूत्रावर आहे. तिथे सहाव्या अमिनो आम्लाच्या शब्दात जी-ए-जीचं जी-टी-जी झालं, की ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. बाकी १४५ जागा जशाच्या तशा! पण प्राणवायू सोडल्यावर असं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटतं आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, हाडं ठणकतात. १२० दिवस जगणारी पेशी दोन-तीन आठवड्यांतच संपते.

एकच प्रत बिघडलेली असेल तर माणूस 'वाहक'. तो सहसा ठणठणीत असतो, हिमोग्लोबिनही भरपूर, म्हणून नेहमीच्या तपासणीत काहीच कळत नाही. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के. प्रत्येक खेपेला नव्याने, बरं का! पहिलं आजारी झालं म्हणजे पुढची तीन सुटली, असं नव्हे.

हे मी इथे का सांगतो? विदर्भात आणि आपल्या या छत्तीसगडमध्ये सिकलसेल पुष्कळ आहे. आदिवासींत जास्त, पण तेवढ्यांतच नाही. ओळखीच्या एका घरात नातू आजारी निघाला तेव्हा सगळा ठपका सुनेवर आला. मुलाचं रक्त तपासायला सासूबाई तयारच नव्हत्या. अहो, दोन्ही प्रती बिघडल्याशिवाय हा आजार होतच नाही; एक प्रत त्यांच्याच लेकाने दिली होती. पत्रिकेचे छत्तीस गुण जुळवून झाले होते, हा एक राहिला.

हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस नावाची तपासणी आयुष्यात एकदा केली की पुरते. २०२३ पासून केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलन मोहीमही सुरू आहे.

मघाशी एका वहिनींनी विचारलं, वाहक मुलीचं लग्नच करायचं नाही का? जरूर करा. जोडीदार वाहक नसेल तर मुलांना हा आजार होत नाही. दोघंही वाहक असतील, तर दिवस राहिल्यावर लगेच डॉक्टरांना सांगा. सुमारे अकराव्या आठवड्यापासून गर्भाची तपासणी करता येते.