लेझमीची तालीम



मी सातवी शिकलेली. भाषणाची सवय नाही. घडले तेवढे सांगते.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी आपला मराठवाडा निजामाच्या अमलातून सुटला. त्या दिवसासाठी यंदा आपण मैदानात लेझीम बसवली. चौघींच्या वीस रांगा. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई खेळांच्या उद्घाटनात चारशे जण लेझीम खेळले, मग ऐंशी जणींचे काय अवघड, असे वाटले होते. साखळीने बोटांना फोड आले, तेही सोसले. पण हलगी पुढे वाजे आणि मागच्या रांगांचा छणछणाट मागाहून येई. आम्हाला वाटे, मागच्या बायका आळशी! माझ्या मुलाने उलगडा केला. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो; साठ मीटर मागे पोचायला सेकंदाचा सहावा हिस्सा लागतो. म्हणजे मागच्यांनी हलगी ऐकायची नाही, पहिल्या रांगेचे हात पाहायचे.

मग पहिल्या रांगेत कोण? ताल सर्वांत पक्का आमच्या गल्लीतल्या काकूंचा. पण त्यांना कुंकू नाही. कुजबुज झाली, पुढे सवाष्णीच हव्यात. मी म्हटले, "अहो, हे हळदीकुंकू नव्हे. त्यांचा हात चुकत नाही, तेवढे बघा." दोघी रुसून घरी गेल्या. (एक परत आली.) काकू स्वतःच मागे सरकत होत्या. "लोक बघतील गं," म्हणाल्या.

"बघू द्या काकू, आम्हालाही तुमच्याकडेच बघायचंय."

त्यांनी पदर खोचला. त्या संध्याकाळी विसाव्या रांगेचा ठोका पहिल्यांदा जुळला.

बाकीच्या लेझमी मंडळाच्या कपाटात आहेत. काकूंची त्या घरी घेऊन गेल्या आहेत.